जाफर फुकट का खेळला, आणि तुमच्या दुकानात मुलं का येत नाहीत?

या आठवड्याच्या व्हिडिओत वसीम जाफरचं उदाहरण मी दोन मिनिटांत उरकलं. ते नीट सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहितो.

रणजीत दुसऱ्या राज्याचा खेळाडू आपल्या असोसिएशनची एनओसी घेऊन तुमच्याकडे येऊ शकतो. मॅच फी सोडून त्याला तुम्ही वेगळे पैसे देता. त्याला प्रोफेशनल म्हणतात, आणि एका संघाला असे तीनच घेता येतात. इथे कुठे जायचं ते खेळाडू ठरवतो. आयपीएलच्या लिलावात तसं नाही, जो बोली लावेल त्याच्याकडे जायचं. आपला सेल्समन हा रणजीतला प्रोफेशनल आहे बरं का, लिलावातला नाही.

जाफर मुंबईकडून जवळपास दोन दशकं खेळला आणि 2015-16 मध्ये आपल्या विदर्भाकडे आला. तोवर विदर्भाने एकदाही रणजी जिंकली नव्हती. 2016-17 चा हंगाम दुखापतीमुळे त्याला खेळता आला नाही. आता विचार करा, मालक तुम्ही आहात. माणूस 38 वर्षांचा, काम शून्य. पैसे दिले असते? व्हीसीएने कराराचे पूर्ण दिले.

पुढच्या हंगामात जाफरने प्रोफेशनलचे पैसे घेतलेच नाहीत. नुसत्या मॅच फीवर खेळला. कारण त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलं : मी खेळलो नाही तरी यांनी मला पैसे दिले होते. 1 जानेवारी 2018 ला इंदूरमध्ये दिल्लीला 9 विकेटनी हरवून विदर्भाने पहिली रणजी घेतली. मार्चमध्ये नागपूरला इराणी कपात चाळिशीतल्या जाफरने 286 ठोकल्या. 2018-19 ला पुन्हा रणजी, त्यात त्याच्या हजारावर धावा. "बुडालेल्या" एका वर्षाच्या पैशाचा हा परतावा.

2023 मध्ये करुण नायर कर्नाटक सोडून विदर्भात आला आणि 2024-25 च्या रणजी फायनलमध्ये 86 आणि 135 करून गेला. तो जाफरमुळेच आला असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही. पण बाहेरच्या माणसाला इथे कसं वागवतात हे ड्रेसिंग रूममध्ये बोललं जातंच.

उलटं उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत 2021 ला लास वेगासच्या संघाने मार्क-आंद्रे फ्लेरी हा गोलकीपर शिकागोला देऊन टाकला. त्याच वर्षी त्याला सर्वोत्तम गोलकीपरचं बक्षीस मिळालेलं. ही बातमी त्याला ट्विटरवरून कळली, असं त्याच्या एजंटने जाहीर सांगितलं. तरी वेगासला खेळाडू मिळत राहिले, 2023 ला कपही जिंकला. तिथे पैसा आहे, झगमगाट आहे, आणि नेवाडात राज्याचा आयकर नाही. मोठ्याला खपतं. वाशिमच्या दुकानाकडे यातलं काय आहे?

माझंच सांगतो. 2017 च्या दिवाळीत माझ्या दुकानातला मुलगा गाडीवरून पडला, हात मोडला. दीड महिना आला नाही. मी पगार कापला, वरून उचलही परत मागितली. वहीच्या हिशेबाने बरोबर होतं. पुढच्या लग्नसराईत माणसं हवी होती. त्याच्या गावाहून आठ-दहा पोरं रोज एसटीने वाशिमला कामाला येतात, एकही माझ्याकडे यायला तयार नाही. एकाच्या वडिलांनी तोंडावर सांगितलं, "भाऊ, तुमच्याकडं पोरगं पडलं की पैसे कापता म्हणे." मग जास्त पगारावर दोन नवखे ठेवले. साड्यांचे भाव शिकेस्तोवर सीझन संपला.

आता एक कागद करून ठेवलाय. आजारपणात पंधरा दिवस पूर्ण पगार, पुढचे पंधरा अर्धा. तेव्हा उचल मागायची नाही. सोडून जाणाऱ्याचा हिशेब त्याच दिवशी, मग तो समोरच्याच दुकानात का जाईना. (हे शेवटचं मला अजून जड जातं.)

मागच्या वर्षी त्याच गावचा एक मुलगा आला. पगाराआधी त्याने विचारलं, "आजारी पडलो तर?" मी कागद पुढे केला. त्याने दोनदा वाचला, आणि सोमवारपासून येतो म्हणाला.