गुदाशयाचा कर्करोग : उपचारांतील विषमता आणि आपले उत्तरदायित्व

काही वर्षांपूर्वी मलप्रवृत्तीसमयी रक्त पडते, या तक्रारीने पंचेचाळीस वर्षांचे एक शेतमजूर आमच्याकडे आले. त्यापूर्वी चार महिने ते औषधांच्या दुकानातून मूळव्याधीच्या गोळ्या नेत होते. आम्हीही केवळ लक्षणे ऐकून रक्तार्शाचे निदान केले आणि अर्शकुठार रस व अभयारिष्ट दिले. गुदपरीक्षण केले ते सहा आठवड्यांनी. बोटाला कठीण, व्रणयुक्त ग्रंथी लागली. बायोप्सीत गुदाशयाचा कर्करोग निश्चित झाला.

या व्याधीचा उपचारक्रम आता सुस्पष्ट आहे. दुर्बिणीने तपासणी व बायोप्सी, एमआरआयने व्याप्तीचा निर्णय, गाठ भित्तीपलीकडे पसरली असल्यास प्रथम विकिरण व केमोथेरपी आणि त्यानंतर बहुधा गुदाशय भोवतालच्या मेदावरणासह अखंड काढण्याचे शस्त्रकर्म. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात शस्त्रकर्मानंतर विकिरण-केमोथेरपी योजलेल्या गटात ५ वर्षांत १३ टक्के रुग्णांना त्याच जागी गाठ पुन्हा उद्भवली. शस्त्रकर्मापूर्वी योजलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते.

शास्त्र एकच असले तरी ते सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. आपल्या राज्यात विकिरणाची यंत्रे प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत एकवटली आहेत. दीर्घ क्रमात आठवड्यातील ५ दिवस, असे ५ ते ६ आठवडे रुग्णाला तेथे जावे लागते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेल्या आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे असलेल्या जन आरोग्य योजनेमुळे गरिबांना मोठाच आधार मिळाला. तथापि बुडालेली मजुरी ती भरून देत नाही. आमचे रुग्ण मुंबईस गेले, पण पेरणीची मजुरी बुडू नये म्हणून तिसऱ्या आठवड्यात परतले. पुढे आंत्रावरोध होऊन पुन्हा आले, तेव्हा शस्त्रकर्माची वेळ टळून गेली होती.

यंत्रे जिल्ह्यात आणणे आपल्या हाती नाही; परंतु आरंभीचे महिने आपल्याच हातून निसटतात. शहरातील सधन रुग्ण थेट तज्ज्ञाकडे जातो. खेड्यातील रुग्ण प्रथम आपल्याकडे येतो, किंवा औषधांच्या दुकानात. स्त्रिया तर लज्जेपोटी आणखी उशीर करतात.

गुदमार्ग पाहण्यासाठी सुश्रुताचार्यांनी अर्शोयंत्र वर्णिले आहे. त्यांची परंपरा सांगणाऱ्या आपण हातमोजा चढविण्याचा आळस करणे शोभत नाही. रक्तस्रावाच्या प्रत्येक रुग्णाचे गुदपरीक्षण पहिल्याच भेटीत करावे. स्त्री रुग्णाच्या वेळी परिचारिका सोबत असावी. अर्श दिसले तरी निश्चिंत होऊ नये, कारण दोन्ही व्याधी एकत्र असू शकतात. वारंवार वेग येऊनही कोठा साफ न होणे, वजन घटणे, पांडुता ही लक्षणे असल्यास वय तरुण असले तरी दुर्बिणीच्या तपासणीस पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनी मूळव्याधीचे औषध दुसऱ्यांदा मागणाऱ्यास ‘तपासून घेतले का?’ एवढे अवश्य विचारावे.

रुग्णास पाठविताना चिठ्ठीवर थांबू नये. योजनेची कागदपत्रे, रेल्वेची सवलत, दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेसारखी निवासाची सोय यांची माहिती द्यावी. निवडक रुग्णांत ५ दिवसांचा विकिरणक्रमही मान्य आहे; दूरच्या रुग्णाने त्याविषयी तज्ज्ञांना आवर्जून विचारावे. उपचार अर्धवट सोडून कोणी परतल्यास त्याच्या घरी जावे. आम्ही त्या वेळी गेलो नाही, ही खंत आजही आहे.