परागकणातील जनुकांचे कार्य आणि दाण्याचे भवितव्य

भात, गहू, मका, हरभरा, मोहरी यांसारख्या पिकांत दाणा भरण्यासाठी फुलातील परागकणाने आपले कार्य वेळेवर पार पाडणे आवश्यक असते. धुळीसारखा भासणारा हा कण अवघ्या दोन किंवा तीन पेशींचा असतो. त्यातील कोणती जनुके केव्हा कार्यान्वित होतात, यावर फलधारणा अवलंबून असते. वाढत्या तापमानामुळे या विषयाच्या अभ्यासाला विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

वनस्पतीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात; मात्र ती सर्व एकाच वेळी कार्यरत नसतात. आवश्यक त्या जनुकाची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपात तयार होते आणि तिच्या आधारे प्रथिन घडते. या प्रक्रियेला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. परागकणाच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या मूळ वनस्पतीच्या निम्मी असते. त्यामुळे एखादे महत्त्वाचे जनुक सदोष असल्यास त्याची उणीव भरून काढणारी जोडीची प्रत बहुधा उपलब्ध नसते.

परागकणातील मोठी पेशी कुक्षीवर पडल्यानंतर परागनलिका तयार करते. या नलिकेतून दोन पुंयुग्मके बीजांडापर्यंत पोहोचतात. त्यांपैकी एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण निर्माण होतो, तर दुसऱ्यापासून भ्रूणपोष तयार होतो. भात किंवा गव्हाच्या दाण्यातील पिठूळ भाग म्हणजेच हा भ्रूणपोष होय.

मोहरीच्या कुळातील अरबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीवर डेव्हिड होनिस आणि डेव्हिड ट्वेल यांनी केलेले संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. परागकणाच्या वाढीच्या चार अवस्थांत मिळून सुमारे १४ हजार जनुके कार्यरत असल्याचे त्यांना आढळले. त्यांपैकी सुमारे एक दशांश जनुके केवळ परागकणातच कार्यरत होती. कोवळ्या अवस्थेत सुमारे साडेअकरा हजार जनुके सक्रिय होती. पक्व परागकणात ही संख्या सुमारे ७,२०० पर्यंत खाली आली. आरंभी पेशींच्या सर्वसाधारण वाढीची जनुके प्रबळ असतात. पुढे नलिकेच्या निर्मितीशी संबंधित जनुके पुढाकार घेतात.

ही तयारी परागकण फुलातून बाहेर पडण्यापूर्वीच झालेली असते. अनेक वनस्पतींचे पक्व परागकण आवश्यक संदेशवाहक आरएनए साठवून ठेवतात. त्यामुळे कुक्षीवर पडताच प्रथिननिर्मिती सुरू होऊ शकते. मक्याची परागनलिका तासाला सुमारे एक सेंटिमीटर वेगाने वाढू शकते, ते या शिदोरीच्या बळावरच.

परागकणाचा हा ठरलेला क्रम बदलताही येतो, हे दिल्ली विद्यापीठातील शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. धोतऱ्याचे परागकोश पोषक माध्यमात वाढवले असता परागकणांपासून भ्रूण तयार झाले. या पद्धतीचा उपयोग पुढे भात, गहू आदी पिकांचे शुद्ध वाण अल्पावधीत तयार करण्यासाठी होऊ लागला.

परागकोशाच्या आतील पोषक स्तरही तितकाच महत्त्वाचा आहे. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या डीएमएच-११ या संकरित मोहरीसाठी याच स्तरात कार्यरत होणारे एक जिवाणू जनुक वापरण्यात आले. त्यामुळे मातृवाणात परागकण तयार होत नाहीत व संकर करणे सुलभ होते. पितृवाणातील दुसरे जनुक संकरित पिकाला पुन्हा प्रजननक्षम करते. जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीने ऑक्टोबर २०२२ मध्ये या वाणाच्या पर्यावरणीय प्रसाराची शिफारस केली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या प्रकरणी भिन्न निकाल दिले.

शेतकऱ्यापुढील मोठे आव्हान मात्र उष्णतेचे आहे. तापमान वाढताच पानांतील पेशी संरक्षक प्रथिनांची जनुके झपाट्याने कार्यान्वित करतात. अनेक वनस्पतींच्या पक्व परागकणात हा प्रतिसाद अपुरा असतो. भात फुलोऱ्यात असताना तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास परागकोश नीट उघडत नाहीत, कुक्षीवर पुरेसे परागकण पडत नाहीत आणि लोंबीत पोकळ दाणे वाढतात. हरभऱ्यातही अशा उष्णतेमुळे परागकण निकामी होऊन घाटे कमी धरतात. पीक वरून हिरवेगार दिसत असले तरी नुकसान झालेले असते.

यावर एक उपाय म्हणून भाताच्या एका रानटी जातीतील, सकाळी लवकर फुलण्याचा गुण लागवडीच्या भातात आणण्यात शास्त्रज्ञांना यश आले आहे. त्यामुळे ऊन चढण्यापूर्वीच परागण आटोपते. उष्णतेतही परागकणाची कोणती जनुके कार्यरत राहतात, हे जसजसे स्पष्ट होईल, तसतशी उष्णता सहन करणाऱ्या वाणांची निवड करणे सोपे होईल.