तबकडी आणि फीत

सांठवणीचें शास्त्र मराठी घरांत कोणाला मुद्दाम शिकवावें लागत नाहीं. रोजचें मीठ-तिखट मिसळणाच्या डब्यांत, चुलीच्या हाताशीं असतें; आठवड्याची डाळ फडताळांत, तर वर्षाचा गहूं कोठीच्या खोलींत. पूर्वीं खेडेगांवीं याहिपलीकडे एक सोय असे. दुष्काळाची बेगमी म्हणून जमिनींत पेंव खणीत. पेंवांतील धान्य वर काढावयास वेळ लागे, श्रम पडत. पण थोड्या खर्चांत पुष्कळ धान्य सुरक्षित राही. जवळचें तें थोडें व महाग, दूरचें तें पुष्कळ व स्वस्त, असा हा नियम आहे. संगणकांच्या कोठारांतहि नेमका हाच नियम चालतो.

बँकेंतील खातें, रेल्वेचें तिकीट, रुग्णालयांतील क्ष-किरणांचें चित्र, परदेशीं गेलेल्या मुलाचें पत्र, हें सर्व आज ज्या यंत्रांच्या स्वाधीन असतें त्यांना सर्व्हर म्हणतात. मागेल त्याला माहिती पुरवावी आणि देईल त्याची नीट जपून ठेवावी, एवढेंच त्यांचें काम. हें कोठार उभारणाऱ्यापुढें दोन निरनिराळे प्रश्न असतात. विहिरींत पाणी किती, हा पहिला. मोट चालूं लागली म्हणजे तासाभरांत पाटांत पाणी किती पडतें, हा दुसरा. पहिल्यास सांठवणशक्ति म्हणावें, दुसऱ्यास ओघ. यंत्रांच्या जाहिरातींत पहिल्याचें उत्तर मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें. प्रत्यक्ष काम अडतें तें मात्र बहुधा दुसऱ्यापाशीं.

प्रथम तबकडीचा विचार करूं. इ. स. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें ‘रॅमॅक’ नांवाचें जें यंत्र बाजारांत आणलें त्यांत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारें पन्नास लक्ष अक्षरें मावत. आज तळहातावर राहील एवढ्या पेटींत त्याच्या लक्षावधि पट माहिती मावते. पण यंत्राची मूळ रचना बदललेली नाहीं. ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणें ही तबकडीहि फिरते आणि एक दांडी तिच्यावर आंतबाहेर सरकते. फरक इतकाच कीं, दांडीच्या टोकाशीं सुई नसून चुंबकीय शीर्ष असतें, आणि तें तबकडीला स्पर्श न करतां तिच्यावर केसाच्या जाडीहूनहि फार कमी अंतरावर तरंगत राहतें.

सर्व्हरांत सामान्यतः वापरली जाणारी तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे करते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारें ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. हवी ती माहिती शीर्षाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा वाट पाहावी लागते, आणि दांडी योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी आठ-एक सहस्रांश सेकंद जातात. एकंदर विलंब बारा सहस्रांश झाला. या हिशेबानें ती सेकंदाला ऐंशीच्या आसपास ठिकाणांना भेट देऊं शकते. प्रत्येक भेटींत चार किलोबाइट माहिती उचलली तर सेकंदाचा ओघ ३२० किलोबाइट भरेल. उलट, दांडी एकाच जागीं ठेवून पाठोपाठची माहिती वाचली, तर तीच तबकडी सेकंदाला २५० मेगाबाइटपर्यंत देते. एकाच यंत्राच्या दोन रीतींच्या वापरांत साडेसातशें पटींहून अधिक अंतर पडतें! पोस्टमननें सर्व आळी ओळीनें वाटीत जाणें आणि एकेका पत्रासाठीं गांवाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास धांवणें, यांतलेंच हें अंतर आहे. म्हणून वेगाच्या व्यवस्थेचें पहिलें सूत्र असें कीं, तबकडीला धांवाधांव करावयास लावूं नये. काम मोठ्या, सलग घांसांनीं द्यावें. ज्या कामांत धांवाधांव अटळ आहे, त्यासाठीं फिरता भाग मुळींच नसलेली एस.एस.डी. वापरावी. ती महाग पडते, म्हणून तिचें स्थान मिसळणाच्या डब्याचें.

एका तबकडीचा ओघ अपुरा पडला तर अनेक तबकड्या एकत्र जुंपतां येतात. इ. स. १९८८ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील विद्यापीठांत पॅटर्सन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनीं एका निबंधांत या जुंपणीचें पद्धतशीर वर्गीकरण केलें, आणि ‘रेड’ हें तिचें नांव तेव्हांपासून रूढ झालें. माहितीचे तुकडे पाडून ते सर्व तबकड्यांवर ओळीनें वाटावयाचे. म्हणजे सर्वजणी एकाच वेळीं कामास लागतात. परंतु तबकड्या वाढल्या म्हणजे त्यांतील एखादी बिघडण्याचा संभवहि वाढतो. त्यावरील उपाय घरखर्चाच्या वहींतला आहे. रकान्याखालीं बेरीज लिहिलेली असेल, तर मधला एखादा आंकडा पुसला गेला तरी वजाबाकीनें तो परत मिळतो. अशा बेरजेसारखा एक ताळा रेडच्या पांचव्या प्रकारांत ठेवतात. सहाव्या प्रकारांत स्वतंत्र रीतीनें काढलेले दोन ताळे असतात, आणि त्यामुळें दोन तबकड्या एकदम गेल्या तरी माहिती वांचते.

या सुरक्षिततेची किंमत मात्र मोजावी लागते. वहींतला एकच आंकडा बदलला तर खालची बेरीजहि बदलावी लागते. पांचव्या प्रकारांत एक लहानसा तुकडा बदलण्यासाठीं जुना तुकडा वाचणें, जुना ताळा वाचणें, नवा तुकडा लिहिणें, नवा ताळा लिहिणें, अशा चार क्रिया होतात; सहाव्यांत सहा होतात. संपूर्ण ओळ एकदम लिहिली तर जुनें कांहींच वाचावें लागत नाहीं. दहा तबकड्यांच्या सहाव्या प्रकारांत आठ तबकड्यांइतकी जागा माहितीला मिळते. प्रत्येकीवरील तुकडा २५६ किलोबाइटांचा धरला तर पूर्ण ओळ दोन मेगाबाइटांची झाली. लिहिणाऱ्यानें दोन मेगाबाइटांच्या पटींत, आणि ओळीच्या आरंभापासूनच लिहावें. हा मेळ चुकला म्हणजे उत्तम यंत्रेंहि रडतखडत चालतात, आणि दोष यंत्रांच्या माथीं मारला जातो.

आतां फितीकडे वळूं. फीत जुनी झाली, ती केव्हांच मोडींत निघाली, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. इ. स. २००० सालीं एल.टी.ओ. जातीची पहिली फीत आली, तेव्हां तिच्यावर १०० गिगाबाइट मावत आणि सेकंदाला २० मेगाबाइट लिहितां येत. २०२१ सालीं आलेल्या नवव्या पिढींतील फितीवर १८ टेराबाइट मावतात, आणि लेखनाचा वेग ४०० मेगाबाइट आहे. ही फीत अर्धा इंच रुंद आणि १,०३५ मीटर लांब असते. तिच्या रुंदींत ८,९६० रेघा आंखलेल्या असून एका वेळीं ३२ रेघा लिहिल्या जातात. म्हणजे फीत भरावयास या टोकापासून त्या टोकापर्यंत २८० वेळां जावें लागतें. रेल्वेनें मुंबईहून पुण्यास जाऊन परत जवळजवळ कर्जतपर्यंत यावें, एवढा हा प्रवास साडेबारा तासांत होतो.

या प्रवासांतच फितीचा स्वभाव उघड होतो. ती मेल गाडी आहे, ट्राम नव्हे. लिहावयास माहिती कमी पडली तर ती जागच्या जागीं थांबूं शकत नाहीं. थोडी पुढें जाऊन थांबते, मागें येते, पुन्हां वेग घेते आणि जेथें तुटलें तेथून लिहूं लागते. बुटावर ब्रश फिरवावा तशी ही पुढेंमागें होते, म्हणून या धंद्यांतील लोक तिला ‘शू-शायनिंग’ म्हणतात. तींत प्रत्येक वेळीं कांहीं सेकंद फुकट जातात आणि फीत व शीर्ष दोन्ही झिजतात. आधुनिक यंत्रें पुरवठा पाहून आपला वेग टप्प्याटप्प्यानें कमी करतात, परंतु त्यालाहि खालची मर्यादा आहे. म्हणून फितीसंबंधीं दुसरें सूत्र असें कीं, तिला उपाशी ठेवूं नये.

हें सूत्र पाळणें दिसतें तितकें सोपें नाहीं. चार फितींना एकदम माहिती पुरवावयाची तर सेकंदाला १,६०० मेगाबाइट लागतील. वर सांगितलेला दहा तबकड्यांचा संच अनुकूल स्थितींत २,००० देईल. मग पुरेल असें वाटतें. परंतु त्याच वेळीं त्याच तबकड्यांवर बाहेरून १,६०० मेगाबाइट येतहि असतात. म्हणजे गरज ३,२०० ची झाली. शिवाय वाचणें आणि लिहिणें एकत्र आल्यानें दांड्यांची धांवाधांव सुरू होऊन मूळचे २,००० देखील हातीं लागत नाहींत. यासाठीं येणाऱ्या मालाचा व जाणाऱ्या मालाचा संच वेगळा ठेवतात, किंवा फितीपुढें एस.एस.डी.चा हौद बांधतात. दहा गिगाबिटांची तार सेकंदाला फार तर १,२५० मेगाबाइट नेते. ती चार फितींना पुरत नाहीं, तीन फितींना कशीबशी पुरेल. लहान लहान फायली एकेक करून पाठविल्या तर पुरवठा वारंवार तुटतो. म्हणून त्यांचा आधीं मोठा गठ्ठा बांधतात. आणि माहिती दाबून निम्मी होण्यासारखी असेल, तर फितीची भूक दुप्पट होऊन आठशें मेगाबाइटांवर जाते, हेंहि विसरून चालत नाहीं. सारांश, साखळीचा ओघ तिच्या सर्वांत अरुंद कडीइतकाच असतो. ती कडी मोजून शोधावी, अंदाजानें नव्हे.

या व्यवस्थेचें भव्य उदाहरण जिनीव्हानजीकच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेंत पाहावयास मिळतें. तेथील प्रचंड वर्तुळांत कणांच्या टकरी होतात, आणि त्यांची नोंद पुन्हां कधींहि न मिळणारी असते. जून २०१७ मध्यें तेथील फितींवरील संग्रहानें २०० पेटाबाइटांची मजल गांठली. एक पेटाबाइट म्हणजे एक हजार टेराबाइट. २०२० पासून तेथें जी नवी फीत-व्यवस्था कामास आली तींत फितींपुढें एस.एस.डी.चा हौद योजलेला आहे. या प्रयोगांची माहिती देशोदेशींच्या केंद्रांत वाटली जाते. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतहि त्यांपैकीं एक केंद्र आहे.

एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर फेब्रुवारी २०११ मधील एका घटनेंत आहे. गूगलच्या जी-मेल सेवेंत आज्ञावलींतील एका दोषामुळें शेंकडा ०.०२ ग्राहकांचीं पत्रें एकाएकीं दिसेनाशीं झालीं. प्रमाण अल्प, पण ज्यांचीं पत्रें गेलीं त्यांच्या दृष्टीनें तें सर्वस्वच. निरनिराळ्या ठिकाणीं प्रती ठेवलेल्या असूनहि दोष त्या प्रतींपर्यंत पोंचला होता. पोंचला नाहीं तो फक्त फितींपर्यंत; कारण त्या चालू यंत्रांपासून अलग होत्या. त्यांवरूनच तीं पत्रें परत मिळालीं. तबकड्यांवरून देण्यापेक्षां फितींवरून देण्यास वेळ अधिक लागला, पण पत्रें मिळालीं.

वेगाचें खरें मोल अशा दिवशींच कळतें. अठरा टेराबाइटांची एक तबकडी बिघडली तर नवी भरावयास, सतत २५० मेगाबाइटांचा वेग मिळाला तरी, वीस तास लागतात. प्रत्यक्षांत तितका वेग क्वचित् मिळतो. रुग्णालयाच्या नोंदी परत आणावयाच्या असतील तर त्या तासांचा हिशेब रोग्यांच्या खाटांशीं होतो. म्हणून जाणते लोक रात्रीची प्रत किती वेळांत निघते एवढेंच पाहून थांबत नाहींत. अधूनमधून फिती प्रत्यक्ष काढून, माहिती उतरवून, किती तासांत काय परत येतें तें मोजतात. पेंव भरलें म्हणजे बेगमी झाली असें नव्हे. तें उघडून, धान्य हातांत घेऊन पाहिलें, आणि तें वेळेवर घरांत पोंचेल अशी खात्री झाली, तरच बेगमी झाली म्हणावयाची.