गाळा घेताना आधी बाहेर पडायची वाट बघा

घरी ब्लाऊज शिवता शिवता गिऱ्हाइकं वाढतात. पोळीभाजीचे दहा डबे असतात त्याचे तीस होतात. पार्लरच्या खुर्चीला घरातली खोली पुरेनाशी होते. मग मनात येतं, बाजारात छोटासा गाळा घ्यावा का? भिशीचे पैसे आलेले असतात, थोडं सोनं मोडायचीही तयारी असते. मैत्रिणींनो, हा विचार चांगलाच आहे. पण गाळा बघायला निघण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्या.

गाळा बघताना आपण रस्ता बघतो, नळ बघतो, शेजारची दुकानं बघतो आणि भाड्याची घासाघीस करतो. बारा हजारांचे साडेअकरा झाले की स्वारी खूष! मालकाने पुढे केलेल्या छापील करारावर मात्र आपण निमूट सही करतो. वास्तविक आपला पैसा अडकतो तो त्या कागदात. किती दिवस राहता येईल, कुणी कुणाला केव्हा बाहेर काढू शकेल, निघताना हातात काय पडेल, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. आणि छापील असलं तरी ते बदलता येतं, हे लक्षात ठेवा.

मालकाला कशाची धास्ती?

मुंबई राज्यात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला. भाडी गोठली आणि भाडेकरूला काढणं जिकिरीचं झालं. म्हणून मालक 'हा भाडेकरू नव्हे, परवानगीने जागा वापरणारा' असा कागद करू लागले. हेच ते लिव्ह अँड लायसन्स. पण पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर ताबा असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. आज १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू आहे, तरी ती जुनी धास्ती मालकांच्या मनातून गेलेली नाही. 'अकरा महिन्यांचाच करार करू' असं ते म्हणतात ते त्यामुळेच.

हे एकदा कळलं की बोलणं सोपं होतं. मालकाला भाडं वेळेवर हवं असतं आणि मुदत संपली की जागा बिनबोभाट परत हवी असते. या दोन गोष्टींची खात्री तुम्ही आपणहून द्या आणि बदल्यात आपल्या अटी मागा.

अकरा महिने की तीन वर्षं?

समजा, काउंटर, दिवे, पाटी, फरशी मिळून गाळ्यावर तुमचे ९०,००० रुपये खर्च झाले. अकरा महिन्यांत निघावं लागलं तर हा खर्च महिना आठ हजारांच्या वर पडला. म्हणजे बारा हजारांचा गाळा तुम्हाला वीस हजारांना पडला! तोच करार तीन वर्षांचा असेल तर खर्च महिना २,५०० रुपयेच बसतो. म्हणून जेवढा खर्च मोठा तेवढी मुदत लांब मागा. लिव्ह अँड लायसन्स पाच वर्षांपर्यंत करता येतं.

मुदतीच्या जोडीला 'लॉक-इन'चं कलम असतं. अमुक महिने करार मोडायचा नाही, असा त्याचा अर्थ. हे कलम नीट वाचा हं. पुष्कळदा ते फक्त आपल्याला बांधतं आणि मालकाला एक महिन्याच्या नोटिशीवर मोकळं ठेवतं. सरळ सांगावं, "काका, भाडं पाच तारखेच्या आत देईन, मुदत संपली की किल्ली तुमच्या हातात देईन. पण तीन वर्षं तुम्ही मला उठवायचं नाही. धंदा नाही चालला तर पहिल्या सहा महिन्यांनंतर मला दोन महिन्यांची नोटीस देऊन निघता यावं." धंदा नवा आहे, चालेल की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे ही सवलत मागण्यात कमीपणा नाही.

वाढीचा हिशेब कागदावर मांडा

दर वर्षी भाडं किती वाढणार, ही ओळ आपण सहज सोडून देतो. जरा आकडे मांडू या. भाडं १२,००० आणि वाढ १० टक्के धरली, तर तीन वर्षांत ४,७६,६४० रुपये जातील. पाचशे रुपये कमी करून घेतले तर तीन वर्षांत १९,८६० रुपये वाचतात. भाडं १२,००० च ठेवून वाढ ५ टक्क्यांवर आणली तर मात्र २२,६८० रुपये वाचतात. शिवाय मालकाचा शब्दही राहतो!

आणखी एक गोष्ट मागून घ्या. रंगरंगोटी आणि सुतारकामाचे पंधरा दिवस ते महिना भाडं लावू नये. गाळा तसाही रिकामाच असतो, त्यामुळे बरेच मालक हो म्हणतात. मागितलंच नाही तर मात्र कुणी आपणहून देत नाही.

गाळ्याचं मापही स्वतः टेप लावून घ्या. बोलताना सांगतात ते बहुधा भिंती धरून, बिल्टअप. आपल्याला वापरायला मिळते ती आतली, कार्पेट जागा. दोनशे फुटांचं भाडं भरून दीडशे फुटांत यंत्रं बसवायची वेळ येऊ नये.

गाळा विकला गेला तर?

हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लीज, म्हणजे भाडेपट्टा, असेल तर गाळा विकला तरी नव्या मालकाला तो पाळावा लागतो. लायसन्सचं तसं नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याप्रमाणे जागा विकत घेणारा जुन्या मालकाने दिलेल्या लायसन्सला बांधलेला नसतो. विनाकारण मुदतीआधी काढलं तर जुन्या मालकाकडे भरपाई मागता येते खरी, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

लीजला मुद्रांक शुल्क बाजारभावाच्या हिशेबाने लागतं. ते जास्त पडतं, म्हणून लहान गाळ्यांना सहसा लायसन्सच करतात. मग निदान एवढं तरी लिहून घ्या : मुदतीत गाळा विकायचा झाल्यास मालक आधी लेखी कळवील, खरेदीखतात आपला करार पाळण्याची अट घालील आणि मधेच उठावं लागलं तर सजावटीच्या खर्चाचा ठरलेला वाटा परत देईल. पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती, हे आकड्यांत लिहा. 'योग्य ती भरपाई' असल्या शब्दांवर विसंबू नका.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

'स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू, ताई, उगाच खर्च कशाला?' असं तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे असा करार लेखी आणि नोंदवलेलाच असला पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे धमकीसारखं नको, पण गोड बोलून मालकाच्या कानावर जरूर घाला.

खर्चही फार नाही. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. वरच्या उदाहरणात ५ टक्के वाढ आणि ६०,००० डिपॉझिट धरलं, तर तीन वर्षांचे सुमारे १,२०० रुपये होतात. शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायलाही हरकत नाही.

करार तुमच्याच नावाचा

'नाव ह्यांचंच घाला, एकच आहे' असं आपण किती सहज म्हणतो! पण लायसन्स ज्याच्या नावाचं, जागा वापरायचा हक्क त्याचा. दुकानाची नोंद, बँकेचं कर्ज, खाद्यपदार्थांचा परवाना यांसाठी जागेचा कागद दाखवावा लागतो. धंदा तुमच्या नावाचा आणि करार दुसऱ्याच्या, असं झालं की प्रत्येक खिडकीवर अडतं. पैसा, कष्ट तुमचे, तर सहीही तुमचीच असू द्या. ह्यांची सही साक्षीदार म्हणून शोभेल.

सही करण्यापूर्वी

१. देणारा खरोखर मालक आहे का? इंडेक्स टू आणि घरपट्टीची पावती बघा. देणारा स्वतःच जुना भाडेकरू असेल आणि मूळ मालकाची लेखी संमती नसेल, तर त्याच्याबरोबर तुम्हालाही निघावं लागेल. वारस अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या.

२. गाळ्यावर कर्ज असेल तर बँकेचं आणि इमारत सोसायटीची असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र मागा.

३. तुमचा धंदा करारात नाव घेऊन लिहा. पोळीभाजीला गॅस लागतो, पार्लरला पाणी लागतं. पाटी कुठे लावायची तेही लिहा.

४. मागचं वीजबिल भरलेलं आहे ना, मीटर व्यापारी वापराचा आहे ना, हे तपासा.

५. छत गळलं तर कोण दुरुस्त करणार, घरपट्टी कोण भरणार, जीएसटी लागला तर तो भाड्यात धरलेला की वेगळा, हे स्पष्ट करून घ्या.

६. डिपॉझिट चेकने द्या. किल्ली देण्याच्या दिवशीच ते परत मिळावं आणि साधारण झिजेपोटी काही कापू नये, असं लिहून घ्या. पहिल्या दिवशी भिंती, फरशी, शटर यांचे फोटो काढून ठेवा.

७. बसवलेलं सामान निघताना कुणाचं, याची यादी कराराला जोडा.

मालकाने कागद पुढे केला की तिथल्या तिथे सही करू नका. "दोन दिवस घरी नेऊन वाचते" म्हणायला संकोच कसला? रात्री जेवणं आटोपली की तो मोठ्याने वाचा, न कळलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि एखाद्या वकिलाकडून तेवढं समजून घ्या. त्याची फी तुमच्या एका महिन्याच्या भाड्याहून बहुधा कमीच असेल. मालकाने कागद घरी न्यायलाच नकार दिला, तर दुसरा गाळा बघायला लागा.