पेशींचे रंग (भाग ९) : रंग उडाला, साखर कुठे गेली?

गेल्या आठवड्यात आपण पाउल एर्लिखचे रंग पाहिले. आम्लधर्मी रंग घेणारी ती इओसिनोफिल, अल्कधर्मी रंग ओढणारी ती बेसोफिल. तिथे सारा खेळ विद्युतभाराचा होता. आज याच पांढऱ्या पेशींमधली कर्बोदके, म्हणजे सोप्या भाषेत साखर, शोधायची आहे.

त्यासाठीचा सर्वांत परिचित रंग म्हणजे पीएएस (परआयोडिक आम्ल-शिफ). मॅकमॅनसने १९४६ मध्ये तो श्लेष्म दाखवण्यासाठी वापरला. साखरेच्या रेणूत शेजारशेजारच्या दोन कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असले, की परआयोडिक आम्ल त्यांच्यामधला बंध तोडते. तुटलेल्या टोकांवर अल्डिहाइड गट तयार होतात. मग शिफचे रंगहीन द्रावण त्यांच्याशी जोडले जाते आणि किरमिजी रंग उमटतो. ह्यूगो शिफने हे द्रावण १८६६ मध्येच मांडले होते.

आता अस्थिमज्जेची स्लाइड घेऊ. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी तिथे मायलोब्लास्ट, प्रोमायलोसाइट, मायलोसाइट अशा टप्प्यांतून पिकते. मायलोब्लास्ट बहुधा कोरी दिसते, प्रोमायलोसाइटमध्ये फिकट छटा येते आणि पक्व न्यूट्रोफिल गच्च किरमिजी होते. पेशी जसजशी पिकते तसतशा तिच्या कणिका साखरेने भरतात, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण दुसरी स्लाइड आधी अमायलेजमध्ये ठेवून मग रंगवा. जुने लोक यासाठी सरळ थुंकी वापरत, कारण तिच्यात हे विकर असतेच. बहुतेक किरमिजी रंग नाहीसा होतो. म्हणजे तो होता ग्लायकोजेनचा, आणि ग्लायकोजेन असते पेशीद्रवात. पू झालेल्या, प्राणवायू कमी असलेल्या जागी लढताना न्यूट्रोफिलला हेच इंधन पुरते.

मग कणिकांमधली साखर कोणती? तिचा एक मोठा भाग सल्फेट लागलेल्या लांब साखळ्यांचा असतो. काँड्रॉइटिन सल्फेट हे त्यातले ठळक नाव. पीएएस तिच्यावर जेमतेम चढतो. सल्फेटचा भार ऋण असल्याने धनभारित रंग लागतो. अल्शियन ब्लू हा तसा रंग. तो सामू (पीएच) १ ला ठेवला, तर कार्बॉक्सिल गट भार गमावतात आणि रंग फक्त सल्फेटवर बसतो. कणिका मात्र साधारण अर्ध्या मायक्रोमीटरच्या किंवा त्याहून लहान. त्यांच्या आतले पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तिथे रंगाऐवजी लोहासारखे जड धातू खूण म्हणून वापरतात.

न्यूट्रोफिलच्या कणिका मुख्यतः दोन प्रकारच्या : अॅझुरोफिल आणि विशिष्ट. बेन्टन आणि फारक्वार यांनी १९६६ मध्ये सशाच्या मज्जेत दाखवले, की अॅझुरोफिल कणिका प्रोमायलोसाइटमध्ये पेशीतल्या गॉल्जी संकुलाच्या अंतर्वक्र बाजूने तयार होतात, तर विशिष्ट कणिका नंतर, मायलोसाइटमध्ये, बहिर्वक्र बाजूने. या अॅझुरोफिल कणिका कोवळ्या असताना सल्फेटची खूण ठसठशीत घेतात. पिकल्या, की तीच खूण जवळजवळ दिसेनाशी होते. पीएएसच्या नेमके उलटे!

साखर विरघळली का? प्रचलित स्पष्टीकरण असे : कणिका पिकताना तिच्यात धनभारित प्रथिने दाटीवाटीने भरतात आणि सल्फेटला चिकटतात. एसटीत सगळ्या सीटवर आधीच रुमाल टाकलेले असावेत, तसे होते. नंतर आलेल्या रंगाला बसायला जागाच नसते. ही जवळीक नुसती योगायोगाची नाही. सर्ग्लायसिन हा या साखळ्या वाहणारा रेणू. तो नसलेल्या उंदरांच्या न्यूट्रोफिलमध्ये इलॅस्टेज हे धनभारित विकर कणिकांत साठत नाही, असे २००७ मध्ये दिसले. म्हणजे साखर इथे साठवणुकीचे काम करते.

म्हणून स्लाइड वाचताना दोन प्रश्न विचारायचे. रंग दिसला, तर तो नेमक्या कोणत्या रेणूचा? आणि दिसला नाही, तर रेणू नाही, की त्याची जागा अडलेली आहे? पहिल्याचे उत्तर अमायलेजच्या जोडस्लाइडवर मिळते. दुसऱ्यासाठी एकाच टप्प्याची पेशी पाहून भागत नाही. कोवळ्यापासून पक्वापर्यंतची सगळी रांग पाहावी लागते.

पुढील भागात : ल्युकेमियाच्या काही पेशींमध्ये पीएएसचे ठोकळ्यांसारखे ठिपके का दिसतात?