लाख बांगडी आणि दोन मोती

मुळशी तालुक्यांतील कासारसाई या गांवाच्या नांवांत कासार हा शब्द उघड दिसतो. कासाराच्या मालासंबंधीं घरोघर चालणारी एक लकब जुनीं पत्रें वाचणारांनीं आरंभींच ध्यानांत धरावी. सुवासिनीच्या हातची बांगडी फुटली असतां 'फुटली' असें कोणी म्हणत नाहीं, 'वाढली' म्हणतात. मंगळसूत्र तुटलें तरी तें वाढतें. अशुभ क्रियापद टाळून उलट अर्थाचें योजावें, असा हा संकेत आहे. 'वाढणें' म्हणजे मोठें होणें एवढेंच जाणणारा वाचक येथें फसावयाचाच.

मायन्यांतील 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' हें पद पाहून पत्र घेणारा धनाढ्य होता असें ठरविणें ही त्याच जातीची चूक होय. त्या पदानें दर्जा कळतो, तिजोरी कळत नाहीं.

आतां मुख्य प्रकरण. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. नानासाहेब पेशवे त्या सुमारास माळव्यांत होते. औरंगाबादेकडे जाणाऱ्या सावकारी कासिदाजवळील पत्रावरून त्यांस ही वार्ता कळली. ग्रँट डफनें १८२६ सालीं छापलेल्या आपल्या इतिहासांत त्या पत्राचा आशय इंग्रजींत दिला आहे. त्यांत दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि अगणित रुपें व तांबें, एवढ्या जिनसा आहेत. मराठींत मात्र तोंडोतोंडीं जें वाक्य चालतें, त्यांत बहुधा आणखी एक जिन्नस येतो: लाख बांगडी फुटली.

हा जिन्नस मूळचा नव्हे, असें आमचें मत आहे. सावकारी पत्रांतील रूपक गुप्ततेसाठीं असतें. वाटेंत कोणी पत्र फोडलें तरी त्यास तोट्याचा हिशेब दिसावा, हा हेतु. म्हणून रत्न, सोनें, रुपें, तांबें अशी मोलाची उतरती भांज लाविली: विश्वासराव व सदाशिवरावभाऊ हे मोती, सरदार मोहरा, बाकी फौज खुर्दा. या भांजेंत बांगडीस स्थान नाहीं. शिवाय पडलेला शिपाई एकदां खुर्द्यांत मोजिला. त्याच्या बायकोच्या बांगडींत तोच पुन्हां मोजला जातो. सावकाराच्या वहींत एक रक्कम दोनदां पडत नाहीं. आणि 'फुटली' हें तर घरांत उच्चारूं नये असें क्रियापद! तें कानीं पडतांच गुपित राहिलें कोठें? हा उद्गार मागाहून शोक करणाऱ्या समाजाचा आहे. (लाख ही संख्या, तसेंच बांगडीचें द्रव्यही. हा श्लेष लोकांच्या जिभेस रुचला असावा.) त्याची योग्यता आम्ही कमी मानीत नाहीं, फक्त तो त्या पत्राचा पुरावा म्हणून घेऊं नये.

सत्तावीस हा आंकडा घेऊन कोणी तितक्याच सरदारांची यादी जुळवूं पाहतात, तेंही निष्फळ होय. पत्र निघालें तेव्हां पडलेल्यांची मोजदाद व्हावयास अवकाशच नव्हता.

राहतां राहिलें मोत्यांचें क्रियापद. डफच्या इंग्रजींत मोती विरघळले आहेत. मराठी तोंडीं पाठांत ते गळाले आहेत. भेद लहान दिसतो, पण विरघळलेला मोती परत येत नाहीं आणि गळालेला सांपडूं शकतो. विश्वासरावाविषयीं शंका राहिली नाहीं. भाऊविषयीं ती वर्षानुवर्षें राहिली. पार्वतीबाईंनीं वैधव्य पत्करिलें नाहीं आणि १७८३ सालीं त्या सौभाग्यवती म्हणूनच वारल्या. मध्यंतरीं भाऊ म्हणून तोतया उभा राहिला, त्यास माणसें मिळालीं, आणि अखेर १७७६ सालीं त्यास देहान्त शासन झालें. 'गळाले' या शब्दांत जेवढी जागा मोकळी राहते, तेवढ्याच जागेंत हें सारें घडलें.

यास्तव कोणा संग्राहकाच्या रुमालांत या मजकुराची जुनी मोडी प्रत निघाल्यास, मोत्यांच्या जागीं नांवें न घालतां नक्कल करावी आणि क्रियापद अक्षरशः उतरून घ्यावें. बांगडी त्यांत आहे कीं नाहीं, हेंही कृपा करून कळवावें.