निळा पडदा: दोष प्रोसेसरचा की रॅमचा?

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आला आहे. ‘डेस्कटॉप चालता चालता निळा पडदा देतो, आपोआप रीस्टार्ट होतो आणि दर वेळी वेगळाच एरर दाखवतो. रॅम बदलू की प्रोसेसर?’ आमचं उत्तर असं की तूर्त काहीच विकत आणू नका. पण एक काम आधी करा: बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर काढून ठेवा.

असं का? रॅममधला एक बिट उलटला म्हणजे मशीन बंद पडेलच असं नाही. तो बिट विंडोजच्या कामाचा असेल तर निळा पडदा येतो. तुमच्या फोटोचा किंवा हिशेबाच्या फाइलचा असेल तर वरून काहीच दिसत नाही. चुकलेली फाइल निमूटपणे डिस्कवर लिहिली जाते. अशा मशीनवरून नवा बॅकअप जुन्यावर चढवला तर चांगली प्रतही गेली. ‘फॉरमॅट मारून देतो’ हा दुकानातला नेहमीचा उपायही इथे फसतो, कारण विंडोजच्या नव्या फाइलीसुद्धा त्याच बिघडलेल्या रॅममधून डिस्कवर जातात.

एररच्या मजकुरावर किती विसंबायचं? आमच्या मते फार कमी. एक गाजलेलं उदाहरण घेऊ. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरांवर, विशेषतः कोअर आय-९ वर, काही गेम सुरू होतानाच कोसळायचे आणि पडद्यावर यायचं की व्हिडिओ मेमरी संपली. साहजिकच संशय ग्राफिक्स कार्डावर. प्रत्यक्षात गेम सुरू होताना कॉम्प्रेस केलेला डेटा उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो, आणि तो तिथेच चुकत होता. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायचा आणि त्याने आतलं सर्किट कमजोर होत जायचं. २०२४च्या ऑगस्टपासून इंटेलने त्यावर बायोस अपडेटमधून नवा मायक्रोकोड दिला. त्याने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही. म्हणून या प्रोसेसरांची वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल तर बायोसची तारीख आजच बघा.

आता शोध कसा घ्यायचा? पहिली पायरी, बायोसमध्ये जाऊन सगळं मूळ वेगावर आणा. ‘आम्ही ओव्हरक्लॉक केलेलंच नाही’ असं बहुतेक जण म्हणतात. पण एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर ते ओव्हरक्लॉकच आहे! खोक्यावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम ते बंद केल्यावर बरेचदा २१३३ किंवा २४०० वर चालते. खोक्यावरचा आकडा रॅमपुरता खरा असतो. पण रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर हल्ली मदरबोर्डवर नसतो, तो प्रोसेसरच्या आत असतो. एएमडीने तो २००३ मध्ये आत नेला, इंटेलने डेस्कटॉपसाठी २००८ मध्ये. त्यामुळे रॅम ठणठणीत, प्रोसेसर ठणठणीत, आणि दोघांचं एकमेकांशी त्या वेगाला जमत नाही, असं होऊ शकतं. दोनऐवजी चार कांड्या लावल्या की हे आणखी अवघड जातं.

मूळ वेगावर मशीन दोन-चार दिवस नीट चाललं तर प्रश्न वेगाचा होता. तरीही पडत असेल तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट चालवा, रात्रभर. एकही एरर चालणार नाही. एरर आला तर मशीनची वायर काढून एकेक कांडी, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये, वेगळी तपासा. कांडीसोबत एरर फिरला तर कांडी खराब. कांडी बदलूनही एरर त्याच स्लॉटला चिकटून राहिला तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. कधीकधी कूलर वाकडा कसल्यामुळे किंवा सॉकेटची पिन वाकल्यामुळेही असं होतं. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासायचा आपल्याकडचा उपाय? गुण येतो, पण बरेचदा तो कांडी काढून पुन्हा घट्ट बसवल्याचा असतो.

मेमटेस्ट स्वच्छ आला म्हणून सुटलो असं नाही, कारण त्यात प्रोसेसरवर पूर्ण ताण येत नाही. त्यासाठी प्राइम९५. हा प्रोग्राम मोठाल्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. त्याच्या चाचणीत उत्तरं आधीच माहीत असतात, म्हणून मशीन न पडताही चुकलेलं गणित पकडलं जातं. ‘स्मॉल’ चाचणीतली गणितं प्रोसेसरच्या कॅशमध्येच मावतात, त्यामुळे तिथे चूक आली तर बोट प्रोसेसरकडे किंवा त्याच्या व्होल्टेजकडे. ‘लार्ज’ चाचणीत रॅमही सामील होते. तापमानावर मात्र लक्ष ठेवा. आणि कोणी वीज वाचवायला व्होल्टेज कमी केलं असेल तर उलटाच प्रकार दिसतो: पूर्ण ताणात मशीन टिकतं आणि रिकामं बसलेलं असताना पडतं.

एररच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वॉरंटीच्या वेळी लागतो. जोडीने घेतलेली रॅम असेल तर बरेचदा दोन्ही कांड्या परत पाठवाव्या लागतात, तेवढ्या दिवसांची सोय आधी बघा. बॅकअपची डिस्क नव्या रॅमवर मेमटेस्टची एक रात्र काढल्यावरच जोडा.